"काम चांगलं, पण लीडरशिप दिसत नाही" : सटाण्याच्या एका वडिलांना उत्तर

नमस्कार दादा,

तुमची मुलगी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून चार वर्षांपासून नाशिकला अंबड एमआयडीसीत, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहे. टीम लीडरची जागा दोनदा निघाली आणि दोन्ही वेळा तिच्यामागून लागलेल्या मुलांना मिळाली. साहेबांचं उत्तर एकच : "काम चांगलं आहे, पण लीडरशिप दिसत नाही." तिचा आवाज बारीक आहे, बोलण्यात अहिराणीची छाप आहे. आता तिला एमबीएला घालावं की नोकरी सोडायला लावून एमपीएससीची तयारी करून घ्यावी, असं तुम्ही विचारलंय.

नुसत्या डिप्लोमावर यातलं फारसं काही होणार नाही. एमबीएच्या प्रवेशाला आणि एमपीएससीच्या राज्यसेवा परीक्षेलाही पदवी लागते. पदवीचं पुढे सांगतो. पण तिच्यात नेमकं काय कमी आहे, हे साहेबांनी अजून सांगितलेलंच नाही. जी उणीव कुणी नाव घेऊन दाखवली नाही, तिच्यावर दोन-तीन लाख खर्च करू नका.

पुढारी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरावीक माणूस उभा राहतो : भारदस्त आवाज, ठासून बोलणं, आणि बहुतेक वेळा पुरुष. हे आपण ठरवून करत नाही, म्हणून ते आपल्या ध्यानातही येत नाही. पश्चिम बंगालमधल्या बीरभूम जिल्ह्यात संशोधकांनी गावकऱ्यांना सरपंचाचं एकच भाषण ऐकवलं, काहींना पुरुषाच्या आवाजात, काहींना बाईच्या. जिथे सरपंचपद महिलेसाठी कधीच राखीव नव्हतं, तिथल्या पुरुषांनी बाईच्या आवाजातल्या त्याच भाषणाला कमी गुण दिले. जिथे महिला सरपंचाचा कारभार लोकांनी पाहिला होता, तिथे हा फरक जवळपास उरला नाही. हा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलीच्या लाइनवर आजवर एकही बाई टीम लीडर झाली नसेल, तर साहेबांचा अंदाज त्या पहिल्या गावांसारखाच असणार. ते वाईट आहेत असं मी म्हणत नाही. मात्र ज्या मुलांना जागा मिळाली त्यांची कामगिरी खरोखर सरस होती का, हेही तिने प्रामाणिकपणे तपासावं. तसं असेल तर प्रश्न वेगळा आहे.

आता तिने काय करायचं ते. साहेबांकडे वीस मिनिटं मागावीत, तीही अप्रेझलच्या (वार्षिक मूल्यमापनाच्या) गर्दीत नाही, एरवी. विचारायचं एवढंच : "सर, पुढच्या टीम लीडरच्या जागेसाठी कोणत्या तीन-चार गोष्टी बघणार? त्यात मी आज कुठे आहे?" साहेब "कॉन्फिडन्स" म्हणाले तर तिथे थांबू नये. "मागच्या तीन महिन्यांतला एखादा प्रसंग सांगा सर, तिथे मी काय करायला हवं होतं?" असं विचारावं. जे ठरेल ते त्याच संध्याकाळी पाच ओळींच्या मेलमध्ये लिहून पाठवावं, तक्रारीचा सूर नको.

मी या मेलवर एवढा जोर देतो, त्याला कारण आहे. २००५ च्या एका अमेरिकी प्रयोगात पोलीसप्रमुख निवडायचा होता. उमेदवार कधी पुरुष होता, कधी बाई; त्याच्याकडे कधी रस्त्यावरचा अनुभव होता, कधी शिक्षण. पुरुष उमेदवाराकडे यातलं जे असेल, तेच या पदाला जास्त गरजेचं आहे, असं निवडणाऱ्यांना वाटायला लागलं. म्हणजे माणूस आधी पसंत पडला आणि निकष मागून जुळवले गेले. कोणते गुण महत्त्वाचे हे उमेदवार पाहण्याआधीच ठरवून घेतलं, तेव्हा हा भेदभाव राहिला नाही. मुलीच्या हातात साहेबांचं मन नाही, पण निकष आधी ठरवून घेणं आहे.

मग त्या निकषांवर नोंदी ठेवायच्या, दर महिन्याला एक पान. इथे बहुतेक मुली एक चूक करतात : सगळं "आम्ही केलं" असं लिहितात. टीमचं श्रेय टीमला द्यावंच, पण निर्णय कुणाचा होता ते स्पष्ट हवं. उदाहरणार्थ, "गेज (माप तपासायचं साधन) बदलायचा निर्णय मी घेतला, दोन्ही शिफ्टच्या ऑपरेटरना शिकवलं, त्या पार्टचं रिजेक्शन इतक्यावरून इतक्यावर आलं." आकडे त्याच मशीनचे, त्याच पार्टचे आणि आधीचे-नंतरचे सारख्याच मुदतीचे असावेत. नाहीतर "त्या महिन्यात प्रॉडक्शनच कमी होतं" या एका वाक्यात सगळं उडतं. आणि नुसतं स्वतःचं काम लिहून टीम लीडरचा दावा उभा राहत नाही. कोणता ट्रेनी तिच्या हाताखाली एकट्याने तपासणी करायला लागला, खराब माल दिसताच लाइन कधी थांबवली, कस्टमरच्या तक्रारीत मूळ कारण कुणी शोधलं, हे त्यात आलं पाहिजे.

तिचा वेळ कुठे जातो तेही बघायला सांगा. मीटिंगचे मिनिट्स, ऑडिटच्या फायली लावणं, सुरक्षा सप्ताहाची पोस्टर्स, दसऱ्याच्या मशीनपूजेची रांगोळी, हे सगळं तिच्याकडेच येतं का? २०१७ च्या एका अभ्यासात स्त्री-पुरुष एकत्र असलेल्या गटांत बढतीला उपयोगी नसलेलं काम बायकांनी पुरुषांपेक्षा जास्त वेळा अंगावर घेतलं, आणि ते त्यांनाच जास्त वेळा सांगितलंही गेलं. नुसत्या बायकांच्या आणि नुसत्या पुरुषांच्या गटांत मात्र तसा फरक दिसला नाही. म्हणजे हा बायकांचा स्वभाव नाही, आजूबाजूच्यांची अपेक्षा आहे. तिने सरळ नकार देऊ नये, पाळी लावावी : "या महिन्याचे मिनिट्स मी लिहिते, पुढच्या महिन्यापासून पाळीपाळीने करू."

आवाज चढवायला मात्र सांगू नका. पुरुषी समजल्या जाणाऱ्या कामात यशस्वी ठरलेली बाई लोकांना कर्तबगार वाटते, पण तितकीच नावडतीही होते, हे २००४ च्या प्रयोगांत दिसलंय. तिने सकाळच्या मीटिंगमध्ये पहिल्या दोन-तीन मिनिटांतच बोलावं आणि आधी निर्णय, मग आकडा, मग कारण, असा क्रम ठेवावा. शेवटपर्यंत गप्प राहणारा माणूस कितीही हुशार असला तरी लोकांच्या लक्षात राहत नाही. आणि अहिराणी घालवायचे क्लास अजिबात लावू नका. कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा), धुळे, जळगावकडचे ऑपरेटर लाइनवर असतील तर त्यांच्याशी त्याच बोलीत बोलून काम करून घेणारी टीम लीडर कारखान्याला हवीच असते.

एक गोष्ट तुमच्या हातातली. नोकरी लागली तेव्हा "मुलीला रात्रपाळी नको" असं तुम्ही फोन करून सांगितल्याचं पत्रात आहे. काळजी समजते, पण टीम लीडर तिन्ही शिफ्टमध्ये फिरतो आणि ते वाक्य साहेबांच्या मनात अजून असणार. कारखाना कायदा १९४८ च्या कलम ६६ ने बायकांना संध्याकाळी सात ते सकाळी सहा कामाला बंदी होती. महाराष्ट्राने २०१५ मध्ये दुरुस्ती करून सुरक्षेच्या अटींवर ती शिथिल केली. गाडी घरापर्यंत येते का, शिफ्टला आणखी बायका असतात का, हे तिने एचआरला विचारावं. मग निर्णय तिलाच घेऊ द्या आणि तिनेच साहेबांना सांगू द्या. तुमचा फोन पुन्हा गेला तर तिचं म्हणणं कमकुवत होईल.

पदवीचं म्हणाल तर त्या वीस मिनिटांत तेही विचारून घ्यावं. कारखान्यात अधिकारी ग्रेडला पदवी लागतच असेल, तर तो स्पष्ट निकष आहे आणि त्यावर पैसा घालणं योग्य. डिप्लोमावर इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. नोकरदारांसाठी सवडीच्या वेळेत पदवी करायला एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने) काही महाविद्यालयांना परवानगी दिली आहे, नाशिकमध्ये कुठे आहे ते चौकशी करून बघा. नोकरी चालू ठेवूनच करा. एमपीएससी तिला स्वतःला करायची असेल तर पदवीनंतर जरूर करावी, या साहेबांना कंटाळून नको.

निकष लिहून घेतल्यावर पुढची जागा निघेपर्यंत, निदान सहा महिने, थांबा. निकष पूर्ण होऊनही कारण बदललं, कॉन्फिडन्सच्या जागी मॅच्युरिटी आली, किंवा लग्नाचा विषय निघाला, तर हातची नोकरी न सोडता सातपूर, सिन्नर, गोंदे इथे अर्ज सुरू करावेत. मुलाखतीत जुन्या साहेबांची तक्रार करू नये, महिन्या-महिन्याची ती पानं समोर ठेवावीत.