रिपोर्ट खोटा ठरला, मग गोळ्या कशाला?

सेलूहून एका पहिलटकरणीनं लिहिलंय: "मावशी, वय 27. बाराव्या आठवड्यात डबल मार्कर ही रक्ततपासणी केली, तर डाऊन सिंड्रोमसाठी (बाळाची वाढ आणि बुद्धी मागं राहते तो जन्मजात दोष) 'हाय रिस्क, 1:140' आलं. घरात कुणाच्या घशाखाली घास उतरेना. सोयाबीनच्या पट्टीतले पैसे घालून एनआयपीटी ही पुढची रक्ततपासणी केली, ती 'लो रिस्क' आली. आता घरचे म्हणतात, पहिला रिपोर्ट खोटाच होता, पैसे काढायचे धंदे. डॉक्टरीणबाई मात्र म्हणतात, पॅप-ए कमी आहे, रोज ॲस्पिरिन घ्या, बीपी बघत राहा. ह्यांनी मोबाईलवर बघितलं तर गोळी हार्टची निघाली. आत्याबाईंनी बंद करायला लावली. आता अठरावा आठवडा चालू आहे. माझंच काही चुकलं का? आणि सातव्यात माहेरी जायचंय, जिंतूरकडं खेड्यात. जाऊ का?"

अगं, आधी डॉक्टरीणबाईंना फोन लाव. गोळी कधीपासून बंद आहे ते खरं सांग आणि पुढं काय करायचं ते विचार. त्या रागावल्या तरी चालेल.

पहिला रिपोर्ट खोटा नव्हता. असा आकडा आलेल्या 140 बायकांत एकीच्या बाळाला डाऊन सिंड्रोम असतो, 139 जणींच्या नसतो, एवढंच त्यात लिहिलं होतं. पण 'हाय रिस्क' हे शब्द ठळक छापतात आणि पुढचा आकडा कुणी वाचत नाही. एनटी सोनोग्राफी (बाळाच्या मानेमागची जाडी मोजतात ती) धरून केलेल्या डबल मार्करमध्येही शंभरातल्या साधारण पाच निरोगी बाळांच्या आयांना हा धसका बसतोच. आठवडे नाहीतर वजन चुकीचं भरलं तरी आकडा हलतो. एनआयपीटीत वारेतून आईच्या रक्तात आलेले डीएनएचे तुकडे तपासतात. ती डाऊनसाठी पुष्कळ अचूक आहे, त्यामुळं ती काळजी आता सोड. मात्र बाळाचं हृदय, मणका, किडनी तिच्यात दिसत नाही. त्यासाठी अठरा ते वीस आठवड्यांची ॲनॉमली सोनोग्राफी आहे, ती चुकवू नकोस.

आता पॅप-ए. हे वारेत तयार होणारं प्रथिन. त्याच्यावरून डाऊनचा अंदाज काढतात, पण ते फार कमी असेल तर वार जरा कमजोर असू शकते, हीसुद्धा खूण असते. मग पुढं आईचं बीपी चढणं, बाळाची वाढ मागं पडणं, दिवस भरण्याआधी कळा येणं, यांची शक्यता थोडी वाढते. डाऊनची भीती गेली म्हणून हे जात नाही. घरच्यांनी नेमकं हेच एकात एक मिसळलंय. पॅप-ए कमी असलेल्या बहुतेक बायकांचं बाळंतपण नीटच होतं, पण डॉक्टरांची नजर लागते.

ॲस्पिरिन हार्टची आहे, खरं आहे. तीच कमी डोसमध्ये गरोदरपणातलं बीपी टाळायला देतात, आणि ती सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू केली तर जास्त उपयोगी पडते. म्हणून डॉक्टरीणबाईंनी घाई केली.

तुझं काही चुकलेलं नाही. खाण्यापिण्यानं, ग्रहणात बाहेर पडल्यानं पॅप-ए कमी होत नाही. 'त्यांच्या घराण्यातच असेल' असं कुणी म्हटलं तर एका कानानं ऐकून सोड.

आत्याबाईंशी वाद घालू नकोस. 'आमच्या वेळी कुठं होत्या तपासण्या' हे त्या म्हणणारच. पुढच्या तपासणीला त्यांना सोबत ने आणि 'बीपी वाढलं तर काय होतं' हे डॉक्टरीणबाईंनाच त्यांच्यासमोर विचार. गावाकडच्या प्रत्येक मोठ्या बाईला बीपी चढून झटके येऊन दगावलेली एखादी बाळंतीण आठवत असते. मग गोळीची आठवण त्याच करून देतील. नवऱ्याला मात्र तू स्वतः सांग, पैसे कुठं गेले हे त्यालाही कळू दे.

माहेरी जा, पण अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतरच्या वाढीच्या सोनोग्राफी आणि बाळंतपण परभणीला करायचं, हे आत्ताच ठरवून टाक. एनआयपीटीसोबत डबल मार्करचाही कागद फाईलमध्ये ठेव. माहेरी आशाताईंकडून किंवा उपकेंद्रात बीपी बघून घे. डोकं ठणकलं, डोळ्यांपुढं अंधारी आली, बरगडीखाली दुखलं, तोंड सुजलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर सकाळची वाट बघायची नाही. रात्री दोन वाजले तरी 108 ला फोन करायचा, आणि हे आईला, भावाला जायच्या आधीच सांगून ठेव.