पगार वाढवूनही मुलं टिकत नाहीत, त्याबद्दल

महाबळेश्वरला तुमचं ४० खोल्यांचं हॉटेल आहे. पगार वाढवला, महिन्याचा उत्तम कर्मचारी म्हणून फोटोही लावायला लागलात, तरी मुलांचं कामात लक्ष नाही, हा तुमचा प्रश्न. हाउसकीपिंगमध्ये २२ वर्षं काढली, त्यातून सांगते. आधी रोस्टर, म्हणजे कुणाची ड्यूटी कधी तो तक्ता, काढून बघा, पगारपत्रक नंतर.

रेस्टॉरंटच्या मुलांना ब्रेक शिफ्ट आहे ना? सकाळी ७ ते ११ नाश्ता, संध्याकाळी ७ ते ११ जेवण. कागदावर आठ तास भरतात, पण मुलगा सोळा तास हॉटेलला बांधलेला. मधल्या वेळात घरी जाता येत नाही आणि खोलीवर धड झोपही होत नाही. दुकाने व आस्थापना कायद्यातसुद्धा नुसते कामाचे तास मोजलेले नाहीत, दिवसाच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंतच्या पसाऱ्यालाही मर्यादा आहे. सोळा तास त्यात बसत नाहीत.

विल्यम कान या अमेरिकी अभ्यासकाने १९९० मध्ये लिहिलं होतं की माणूस कामात जीव ओततो तो तीन गोष्टी जुळल्या तर: कामाला अर्थ वाटला, मोकळेपणाने वागण्याबोलण्याची भीती नसली आणि अंगात तेवढं त्राण उरलं. आपल्याकडे ब्रीफिंगमध्ये पहिल्या दोन्हींवर भाषणं होतात. गाडं अडतं तिसऱ्यावर.

हाउसकीपिंगचा हिशोब तर सरळ आहे. एका माणसाला १६ खोल्या आणि हातात ४८० मिनिटं, म्हणजे खोलीला अर्धा तास. पण रविवारी त्यातल्या १० चेकआउट असतात. चेकआउट खोली नीट करायला ४० मिनिटं लागतात, पाहुणा राहत असलेल्या खोलीला २५. बेरीज ५५० मिनिटांवर जाते. वरची ७० मिनिटं येतात ती जेवणाच्या सुट्टीतून, नाहीतर गादीखाली न बघता चादर खोचण्यातून. तुम्हाला ते 'लक्ष नाही' असं दिसतं. मीही सुपरवायझर असताना मुलांना यावरून झापलंय, उगाच. पुढे आम्ही आकडा बदलला आणि एक चेकआउट खोली म्हणजे दीड खोलीचं काम असं धरायला लागलो. तक्रारी कमी झाल्या. कुणाला प्रेरणा वगैरे द्यावी लागली नाही.

स्टाफच्या खोल्या एकदा जुलैत बघून या. तुमच्याकडच्या पावसात कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत. ओलसर युनिफॉर्म घालून सकाळी सातला हसायचं म्हणजे काय, ते घालून बघितल्याशिवाय कळत नाही. लॉन्ड्री आहेच, त्यांचेही कपडे तिथे टाका. स्टाफ मील मॅनेजरने त्याच पंगतीत बसून खावं, म्हणजे डाळ आपोआप दाट होते.

सुट्टीचं मात्र डोकं लावून करा. शनिवार-रविवार देता येणार नाही, हे मुलांनाही कळतं. पण मंगळवार म्हणजे मंगळवार. आदल्या रात्री फोन करून 'उद्या ये' नको. कोकणातल्या मुलांना गणपतीला सोडणं तुम्हाला जड नाही, तेव्हा हॉटेल तसंही रिकामं असतं. अवघड आहे ते जावळी-वाईकडच्यांचं, कारण गावच्या बऱ्याच जत्रा नेमक्या चैत्र-वैशाखात, तुमच्या ऐन सीझनला येतात. आम्ही फेब्रुवारीतच सगळ्यांच्या जत्रांच्या तारखा भिंतीवर लिहायचो आणि कोण कुणाची ड्यूटी उचलणार ते मुलंच आपसात ठरवायची. दोन वर्षं मे महिन्यात एकही जण न सांगता गेला नाही.