कमाटीबागेतले पाच तास

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा दांडिया बाजारात भेटलीस आणि आयुष्य बदलणाऱ्या दहा पुस्तकांची यादी मागितलीस. दहा मला जमणार नाहीत. अशा याद्या करणाऱ्यांनी त्यातली निम्मी तरी वाचलेली असतात का, याची मला शंका आहे. पहाटे उठा नि श्रीमंत व्हा छापाची पुस्तकं तुझ्या टेबलावर पाहिली. वाच हवी तर. मला मात्र जे वाचल्यावर रोजचा रस्ता वेगळा दिसायला लागतो, तेच पुस्तक कामाचं वाटतं.

तसं माझं झालं ते बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मुळे. छोटंसं आत्मकथन आहे, मूळ इंग्रजी, मराठीतही मिळतं. एका दुपारी संपेल. १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेला गेले, कोलंबिया विद्यापीठात शिकले आणि ठरल्याप्रमाणे नोकरी करायला १९१७ मध्ये आपल्या बडोद्यात आले. इथे राहायला जागा मिळेना. शेवटी पारशी नाव लावून एका पारशी धर्मशाळेत उतरले. भाडं रोजचं दीड रुपया. एवढ्या मोठ्या इमारतीत दुसरं माणूस नाही, रात्री एक छोटा कंदील. पुस्तकात डोकं घालून एकटेपणा विसरायला बघायचे, पण वटवाघळांच्या फडफडीने अंगावर काटा यायचा. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं दारात उभी राहिली. मुंबईची गाडी रात्री नऊची. मधले पाच तास हा माणूस कमाटीबागेत बसून राहिला, आईवडील आठवत.

मी जन्मापासून बडोद्याचा. त्या बागेत शेंगा खाल्ल्या, तुझ्या वडिलांना टॉय ट्रेनमध्ये बसवलं. हे वाचलं तेव्हा चाळिशी उलटली होती. त्या संध्याकाळी बागेच्या दाराजवळच्या काळ्या घोड्याच्या पुतळ्यापाशी आलो नि आत जाववेना.

आपण बडोद्याचे मराठी लोक महाराजांबद्दल बोलताना फुलून येतो, आणि यावंही. १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात मोफत, सक्तीचं प्राथमिक शिक्षण. १९१० मध्ये ग्रंथालयांसाठी बोर्डन नावाचा तज्ज्ञ थेट अमेरिकेहून आणला. पेट्यांमध्ये भरून पुस्तकं खेड्यापाड्यांत जायची. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत तू अभ्यासाला जातेस, ती त्यातलीच. मग ज्याला महाराजांनीच शिकवलं त्याला त्यांच्याच शहरात खाट का मिळाली नाही? मला सुचलेलं उत्तर एवढंच: हुकूम राजवाड्यातून निघतो, खोली घरमालक देतो. आजही कॉलेजच्या मुलांना खोली दाखवण्याआधी आडनाव विचारतात. तू ऐकलं असशील.

दुसरं पुस्तक लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. तेच दार, पण आतून पाहिलेलं. कडक सोवळ्याच्या घरात वाढलेली बाई, शाळेचं तोंड न पाहिलेली. १८९५ मध्ये नवरा ख्रिस्ती होतो आणि हिच्या पायाखालची जमीन सरकते. काही वर्षं ती वेगळी राहते, आणि आपणच आपली समजूत घालत हळूहळू जातपात टाकते. कुठे भाषण नाही. वडिलांच्या सोवळ्याचं वेड सांगताना हसवते, स्वतःचीही गंमत करते. मला तर वाटतं, हसता आलं म्हणूनच तिला त्यातून बाहेर पडता आलं. पण हे माझं मत, तू वाचून ठरव.

तुझी अडचण मला माहीत आहे. शाळा इंग्रजी, बाहेर गुजराती, मराठी फक्त घरात. बोलतेस झकास, वाचताना मात्र ओळ सुटते. लाजू नकोस. ‘स्मृतिचित्रे’ आजीला मोठ्याने वाचून दाखव, रोज चारपाच पानं. त्यातली वाक्यं बोलल्यासारखीच आहेत, डोळ्यांआधी कानाला कळतात. आजी मध्येच थांबवून आपल्या माहेरच्या गोष्टी सुरू करेल. करू दे. ते पुस्तकात नाही.

तिसरं हवंच असेल तर गोडसे भटजींचं ‘माझा प्रवास’: १८५७ मध्ये दक्षिणा मिळेल या आशेने ग्वाल्हेरकडे निघालेला कोकणातला भिक्षुक बंडात सापडतो, झाशीचा वेढा आतून बघतो. त्याची भाषा जुनी आहे, तेव्हा परीक्षेनंतर.

पहिली दोन रविवारी घेऊन जा, दुपारी नको, मी झोपतो. प्रती माझ्या आहेत, पानोपानी पेन्सिलच्या खुणा आणि समासात शेरे. काही शेरे आता मलाच पटत नाहीत, पण खोडू नकोस. तुला वेगळं वाटलं तर शेजारी लिही.

तुझा,
आजोबांचा मित्र