मॅडम, हा भाव बरोबर आहे का?

उत्तरायण झालं, पतंग उतरले की फेब्रुवारीपासून माझ्याकडे हा प्रश्न सुरू होतो. बडोद्यात जूनच्या मध्यापर्यंत पाऊस येतो, त्याआधी अगाशीचं, म्हणजे गच्चीचं, गळतीचं काम उरकायचं असतं ना. मी समुपदेशक, त्यामुळे येताना लोक सांगतात झोप लागत नाही, चिडचिड होते, घरात बोलणं बंद आहे, आणि थोड्या वेळाने कळतं की खिशात तीन कोटेशनं आहेत आणि हो कोणाला म्हणायचं तेच ठरत नाहीये. इतक्यांदा ऐकलंय हे की आता लिहूनच काढते.

त्यातले एक काका. ओळख पटू नये म्हणून थोडं बदलून सांगते. वय ५८, आयुष्यभर हिशेबाची नोकरी, दांडिया बाजारकडे वडिलांचं घर. २०१९ साली ३१ जुलैला बडोद्यात एका दिवसात जवळजवळ ५०० मिलिमीटर पाऊस झाला, त्या रात्री आईच्या खोलीचं छत पहिल्यांदा गळलं. ते माझ्याकडे आले तोवर त्यावर आणखी दोन पावसाळे होऊन गेले होते आणि त्यांच्या आई पलंगाशेजारी टब ठेवून झोपत होत्या. काकांच्या हातात प्लास्टिकची फाईल, त्यात पंच करून लावलेली सात कोटेशनं, प्रत्येकाच्या कडेला पेन्सिलीने बेरजा.

"मॅडम, यातला कुठला भाव बरोबर एवढं सांगा फक्त."

"सगळ्यात कमी कितीचा?"

"३३,७५०. आणि सगळ्यात जास्त १,३७,२५०."

"इतका फरक का, विचारलंत कोणाला?"

"विचारायचं काय त्यात, कोणीतरी लुटतोय हे नक्की. कोण तेवढं कळत नाहीये."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. सातही कागद काकांनी चोर शोधायला वाचले होते, काम समजायला एकही नाही.

माझे दीर सिव्हिल इंजिनियर आहेत, त्यांच्याकडून हे थोडं समजून घेतलेलं होतं म्हणून आम्ही त्यातले तीन कागद शेजारी शेजारी मांडले. पहिल्यात ७५० स्क्वेअर फूट, ४५ चा रेट, म्हणजे आहे त्या अगाशीवर नुसतं पाणी अडवणारं कोटिंग. दुसऱ्यात ९० चा रेट पण माप ८६०, काका म्हणाले बघा माप पण खोटं! खोटं नव्हतं हो ते. अगाशी ३० बाय २५, चारी बाजूंचा कठडा मिळून ११० फूट, आणि हा माणूस सुटलेला भाग फोडून, भेगा भरून, स्लॅब आणि कठडा मिळतो तिथे वाटा मारून (म्हणजे तो कोपरा गोलसर भरून) कोटिंग कठड्यावर फूटभर वर चढवणार होता, ते ११० त्याने मोजले होते. ७७,४०० होतात. तिसरा सगळं जुनं खोदून ढाळ देऊन नवा विटांचा कोबा आणि वर चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांचा थर), १७५ चा रेट, मलबा उचलायचे ६,००० वेगळे. तिघांची कामंच तीन वेगळी, मग भाव एक कसा असेल. (हे रेट त्या घराचे आणि त्या वेळचे, ते धरून आज कोणाशी घासाघीस करू नका.)

मला वाटलं आता सुटलं. नाही सुटलं. पुढच्या वेळी काका आठवं कोटेशन घेऊन आले.

मग मी फाईल बाजूला ठेवायला लावली आणि विचारलं, "काका, समजा फसलात. आठ-दहा हजार जास्त गेले. तुमचं घर त्याने अडणार आहे का?"

"छे, तसं काही नाही."

"मग काय होईल?"

बराच वेळ गेला. बाहेर कोणाची तरी स्कूटर चालू होत नव्हती, तो आवाज येत राहिला. मग म्हणाले, "दादा हसेल." दादा पुण्याला असतो, खर्चातला अर्धा वाटा त्याचा. लहानपणी काका भाजी घेऊन आले की दादा पिशवी ओट्यावर ओतायचा, एकेक वस्तू उचलून भाव विचारायचा आणि सगळ्यांसमोर म्हणायचा, ह्याला कोणीही टोपी घालतं.

मी म्हटलं, "म्हणजे तुम्ही बरोबर भाव शोधतच नाही आहात. दादाला नाव ठेवता येणार नाही असा आकडा शोधताय."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "असा आकडा नसतो ना, मॅडम?"

हे त्यांच्या तोंडून यावं म्हणून मी चार भेटी थांबले होते. मी सांगितलं असतं तर त्यांनी फाईलमध्ये लावून टाकलं असतं, नववं कोटेशन म्हणून. विवेकनिष्ठ विचारावर माझा विश्वास का आहे ते अशा वेळी मला पुन्हा कळतं. फसू नये असं वाटणं अगदी रास्त आहे, त्यातूनच माणूस चौकशी करतो. पण "मी फसताच कामा नये" हा हट्ट झाला की चौकशी संपतच नाही, कारण खात्री कधीच पुरी होत नाही, आणि तोवर खाली टब भरत असतो.

मग एक साधं काम दिलं. अगाशीवर जा, चार बादल्या पाणी ओता, कुठे जातं ते बघा. दोन वर्षांत आठ जणांना वर पाठवलं होतं, स्वतः नीट एकदाही बघितलं नव्हतं. पाणी आईच्या खोलीवरच्या कोपऱ्यात साचलं. पाइपाच्या तोंडात हात घातला तर मांजाचा आणि पतंगाच्या कागदाचा मुठीएवढा गोळा निघाला, आणि तिथेच कठड्याच्या पायाशी बोट जाईल अशी भेग. बाकी अगाशीचा ढाळ ठीक होता. आता त्यांना कोणाला विचारायची गरज उरली नाही, नुसत्या कोटिंगने ती भेग बुजणार नव्हती आणि सगळं खोदायची गरज नव्हती.

तुमच्याकडेही कोटेशनं पडून असतील तर आधी माप स्वतः टेपने घ्या आणि सगळ्यांना तेच माप द्या. पाणी कुठून येतंय असं त्याला वाटतं हे प्रत्येक कडियाला, म्हणजे गवंड्याला, विचारा, जो वर न जाता भाव सांगतो त्याचा भाव कमी असला तरी धरू नका. कुठलं मटेरियल, कोटिंगचे किती हात, मलबा कोण उचलणार, १८ टक्के जीएसटी आत की बाहेर, गॅरंटी कोण देणार, मटेरियलवाला की काम करणारा, हे कागदावर हवं. काम झाल्यावर अगाशीत दोन दिवस पाणी भरून ठेवून बघायचं आणि थोडे पैसे पहिल्या मोठ्या पावसापर्यंत हातात ठेवायचे, हे आधीच बोलून घ्या, नंतर अडवलेत तर तो अन्याय होतो. आणि आतून प्लास्टर पडून सळया दिसत असतील तर कोटेशन नंतर, आधी काम न विकणाऱ्या इंजिनियरला फी देऊन दाखवा.

काकांनी ७७,४०० वाल्याला हो म्हटलं, दहा टक्के मागे ठेवून. जुलैत फोन आला.

"दादाने विचारलं कितीत केलंस. सांगितलं. म्हणाला जास्त दिलेस."

"मग?"

"म्हटलं, असेल. आणि आईला फोन दिला." मग म्हणाले, "कडियाचे ७,७४० राहिलेत मॅडम, आज देऊन येतो."