मुलगा फ्रॉक घालतो, काही बिघडलंय का?

"मुलगा पाच वर्षांचा आहे. बहिणीचा फ्रॉक घालून आरशासमोर गिरक्या घेतो. वेळीच आवरायला हवं ना?" समुपदेशक म्हणून माझ्याकडे हा प्रश्न वारंवार येतो. विचारणारे बहुधा बाबा असतात, आई शेजारी गप्प बसलेली. तपशील बदलून अशाच एका जोडप्याबद्दल लिहिते.

"हे निसर्गाच्या विरुद्ध आहे, मॅडम," बाबा ठाम होते.

मी एक जुना फोटो पुढे केला. खांद्यापर्यंत केस, झगा, हातात पिसाची टोपी. "गोड मुलगी आहे," ते म्हणाले. तो होता १८८४ मधला फ्रँकलिन रूझवेल्ट, पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला. तेव्हा तिकडे सहा-सात वर्षांपर्यंत मुलगेही झगेच घालत. सतराव्या शतकात युरोपातले उमराव उंच टाचांचे बूट मिरवत, फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या टाचा तर लाल होत्या. सहारातल्या तुआरेग लोकांत चेहरा झाकायचा तो पुरुषांनी. माझ्याकडची यादी लांबलचक आहे आणि ती ऐकवायला मला आवडतंही.

"ते तिकडचं झालं. इथे लोक हसतात."

मी हेच निघण्याची वाट पाहत होते. निसर्ग बाजूला पडला, लोक समोर आले.

"मुलाला हसतील की तुम्हाला?"

उत्तर आलं नाही. मीही घाई केली नाही.

पुढच्या भेटीत विचारलं, "मुलगी तुमचा शर्ट घालते तेव्हा?"

"फोटो काढतो. स्टेटसला ठेवतो!" ते मनापासून हसले.

इतका वेळ गप्प असलेली आई पहिल्यांदाच बोलली, "म्हणजे ती तुमच्यासारखं करते तेव्हा वर चढते, आणि हा माझ्यासारखं करतो तेव्हा खाली उतरतो, असं आहे का?"

बाबांचं हसू थांबलं. ते बराच वेळ बायकोकडे बघत राहिले. असं वाक्य समुपदेशकाने बोलायचं नसतं, घरातल्या कुणाला तरी ते सुचेल एवढी जागा ठेवायची असते, यावर माझा पक्का विश्वास आहे. मुलींच्या पॅन्टलाही कधीकाळी हीच हरकत होती. पॅरिसमध्ये १८०० साली बायकांना त्यासाठी पोलिसांची परवानगी लागू लागली आणि तो आदेश आता लागू नाही, हे सरकारने जाहीर केलं २०१३ मध्ये!

तर पालकहो, रागावू नका, "मुलगी आहेस का?" म्हणून चिडवू नका. या वयात मुलं सगळंच अंगावर चढवून बघतात. कपड्यांमुळे कुणाची ओळख घडत नाही की बिघडत नाही. बाहेर काही जण हसू शकतात, हे त्याला आधी सांगा, म्हणजे तो एकटा पडणार नाही. मूल आपल्या शरीराबद्दल किंवा मुलगा म्हणवण्याबद्दल दीर्घकाळ, सातत्याने दुःखी दिसलं, तर बालमानसतज्ज्ञांना भेटा. ते मुलाला बदलण्यासाठी नव्हे, समजून घेण्यासाठी.

शेवटच्या भेटीत बाबांनी दारात थांबून विचारलं, "मग त्याला नवा फ्रॉक आणायचा का?"

"त्याने मागितलाय?"

"नाही. सध्या तो डायनासोर झालाय."