वाचकांचे प्रश्न : फिजिशियन असिस्टंट आणि सर्जिकल आयसीयूतले शिकाऊ वर्ष

अमेरिकेत फिजिशियन असिस्टंट, म्हणजे डॉक्टरांच्या सोबतीने रुग्ण तपासणारे आणि उपचार करणारे पीए, म्हणून शिकणाऱ्या किंवा काम करणाऱ्या मराठी मुलामुलींची आणि त्यांच्या घरच्यांची पत्रे या वेळी बरीच आली. बहुतेकांचा विषय एकच आहे : पदवीनंतर सर्जिकल क्रिटिकल केअरमध्ये, म्हणजे शस्त्रक्रियेच्या अत्यवस्थ रुग्णांच्या अतिदक्षता विभागात (सर्जिकल आयसीयूत), घ्यायचे एक वर्षाचे प्रशिक्षण. त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

मुलगी ओहायोत पीएचा कोर्स संपवते आहे. नोकरी हातात असताना ती सर्जिकल आयसीयूत वर्षभराची फेलोशिप करायची म्हणते. पगार कितीतरी कमी, आणि कायद्याने ही फेलोशिप लागतही नाही. मग हा खटाटोप कशाला? — एक पालक, नाशिक

कायद्याने लागत नाही, हे खरे आहे. मान्यताप्राप्त कोर्स, पान्स ही राष्ट्रीय परीक्षा आणि त्या राज्याचा परवाना एवढे झाले की पीएला कामाला लागता येते. पगाराचेही तुम्ही म्हणता तसेच आहे. शिकाऊ वर्षाचा स्टायपेंड पहिल्या नोकरीच्या पगाराहून बराच कमी असतो.

पण त्या कोर्सात काय होते ते बघा. तो साधारण सव्वादोन वर्षांचा असतो आणि त्यातले शेवटचे वर्षभर वेगवेगळ्या विभागांत रोटेशन असते. शस्त्रक्रियेच्या वाट्याला त्यातले चार-सहा आठवडे येतात. आयसीयू तर अनेकांना मिळतच नाही. याच मुलीला पदवीनंतर दोन महिन्यांत रात्रपाळीला आयसीयूत उभे केले, तर औषधांची नावे तिला येतील. रुग्ण कुठे निघाला आहे, हे मात्र ओळखता येणार नाही.

नेमके सांगतो. मोठ्या आतड्याचा तुकडा काढून टोके जोडलेला सत्तरीचा रुग्ण, शस्त्रक्रियेनंतरचा पाचवा दिवस. रक्तदाब उत्तम आहे, ताप नाही. सकाळी ८८ असलेली नाडी संध्याकाळी ११२ झाली आहे. वजन ७० किलो, म्हणजे लघवी तासाला निदान ३५ मिली हवी. ती दोन तास २५च्या आसपास आहे. श्वास थोडा जलद, आणि रुग्ण ‘बरं वाटत नाही’ एवढेच म्हणतो. नवखा माणूस वेदनाशामक वाढवतो, सलाइनची एक बाटली लावतो आणि पुढच्या खाटेकडे जातो. शिकलेल्याच्या मनात पहिली शंका येते ती जोड सुटल्याची. तो पोट तपासतो, रक्त लॅक्टेटसाठी (पेशींना ऑक्सिजन कमी पडतो का, याचा अंदाज देणारी तपासणी) पाठवतो आणि सर्जनला त्याच वेळी उठवतो, सकाळच्या राउंडपर्यंत थांबत नाही. हे वर्ष घ्यायचे ते या नजरेसाठी, आणि मागे कोणी अनुभवी उभे असताना ती कमवण्यासाठी. हाताची कौशल्ये नोकरीतही येतात.

ही कल्पना जुनी आहे. ड्यूक विद्यापीठातून पहिले पीए १९६७ मध्ये बाहेर पडले आणि १९७१ मध्येच न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या माँटेफिओरी रुग्णालयाने पीएंसाठी शस्त्रक्रियेची रेसिडेन्सी सुरू केली. पुढे २००३ मध्ये अमेरिकेतल्या निवासी डॉक्टरांच्या कामाला आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली. रात्रीच्या वेळी आयसीयूत माणसे कमी पडू लागली, तेव्हा पीए आणि नर्स प्रॅक्टिशनर यांची मागणी वाढली आणि अशा वर्षांचीही.

मी एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर आहे. ही फेलोशिप ओपीटीवर (पदवीनंतर काम करायची तात्पुरती परवानगी) करता येईल का? — न्यू जर्सी

येईल, पण आधी कॅलेंडर समोर घेऊन बसा. पदवीनंतरची ओपीटी १२ महिन्यांची असते आणि पीएच्या शिक्षणाला स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) विषयांची जादा मुदत मिळत नाही. फेलोशिपही बहुधा १२ महिन्यांचीच. कोर्स संपल्यापासून ६० दिवसांच्या आत ओपीटी सुरू करावी लागते, आणि ती सुरू झाल्यावर बेरोजगार राहण्याची मुभा एकूण ९० दिवसांची.

गाडे इथेच अडते. परीक्षेचा निकाल, राज्याचा परवाना, नियंत्रित औषधे लिहिण्यासाठी डीईएची नोंदणी, मग रुग्णालयाचे क्रेडेन्शियलिंग (कागदपत्रांची छाननी). या साखळीला तीन-चार महिने सहज लागतात. तोवर ओपीटीचे घड्याळ चालू झालेले असते आणि प्रशिक्षण पूर्ण व्हायच्या आत मुदत संपते. म्हणून मुलाखतीतच सरळ विचारा : उरलेल्या काळासाठी एच-१बी (नोकरीचा व्हिसा) कराल का? विद्यापीठांशी संलग्न ना-नफा रुग्णालये सहसा वार्षिक कोट्याबाहेर असतात. त्यांना लॉटरीची वाट पाहावी लागत नाही, वर्षात केव्हाही अर्ज करता येतो. ‘बघू या’ असे उत्तर आले तर ते नाही असेच धरा, आणि सही करण्यापूर्वी इमिग्रेशन वकिलाला एकदा कागद दाखवा.

कार्यक्रम चांगला की नुसते स्वस्तात माणूस मिळवण्याचे साधन, हे बाहेरून कसे ओळखायचे? — टेक्सास

पीएचे मूळ कोर्स ज्या एआरसी-पीए संस्थेकडून मान्यता घेतात, तीच पदवीनंतरच्या कार्यक्रमांनाही मान्यता देते. पण इथे ती ऐच्छिक आहे. मान्यता असणे ही जमेची बाजू. नसली म्हणून कार्यक्रम वाईट ठरत नाही. कित्येक चांगली रुग्णालये तिच्याशिवाय चालवतात.

खरे चित्र वेळापत्रकात दिसते. बारा महिन्यांचे रोटेशन लेखी मागा. सर्जिकल आणि ट्रॉमा आयसीयूला निम्मे तरी महिने हवेत. उरलेल्यांत हृदय शस्त्रक्रियेचा आयसीयू, न्यूरो आयसीयू, भूल विभाग, जमल्यास भाजलेल्या रुग्णांचा विभाग. भूल विभागाचे दोन-तीन आठवडे सोडू नका. श्वासनलिकेत नळी घालायला शांतपणे, रोज, शेजारी तज्ज्ञ असताना शिकायची दुसरी जागा नाही. आयसीयूतली नळी घाईची असते, रुग्णाचा ऑक्सिजन आधीच खालावलेला असतो आणि पहिल्याच प्रयत्नात जावी लागते.

मग तीन गोष्टी विचारा. रात्री अटेंडिंग (जबाबदार वरिष्ठ डॉक्टर) इमारतीत असतो की फोनवर? व्याख्यानाच्या तासाला तुमचे रुग्ण कोण सांभाळतो? आणि मागच्या तुकडीतल्या दोघांशी बोलता येईल का? दुसऱ्या प्रश्नावर समोरचा अडखळला तर समजा, ते तास कागदावरच आहेत. तिसऱ्यावर टाळाटाळ झाली तर पुढे जाऊ नका.

सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घालायची नळी) किती घातल्या म्हणजे ‘येते’ असे म्हणायचे? आमच्या लॉगबुकात एक ठरावीक आकडा आहे. — फेलोशिपमधील एक वाचक

आकडा पूर्ण झाला म्हणजे सही मिळते. येते की नाही, ते पुढच्या चार जागी कळते, आणि त्या चारही जागी काय बिघडते ते पक्के हवे.

पहिली जागा त्वचेची. क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक ३० सेकंद घासून लावायचे आणि मग वाळू द्यायचे. ओल्यावर चादर टाकली की निम्मा उपयोग गेला. मानेला साधारण अर्धा मिनिट पुरतो, जांघेच्या ओलसर त्वचेला दोन मिनिटे घासावे लागते. टोपी, मास्क, गाऊन, हातमोजे, डोक्यापासून पायापर्यंत चादर, यात सूट नाही. मिशिगनमधल्या १०३ आयसीयूंनी अशा साध्या पाच गोष्टी चेकलिस्ट लावून पाळल्या. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात लाइनच्या संसर्गाच्या प्रमाणाचा मध्यक हजार कॅथेटर-दिवसांमागे २.७ वरून तीन महिन्यांत शून्यावर आला.

दुसरी जागा डायलेटरच्या (वाट रुंद करणाऱ्या नळीच्या) आधीची, आणि सगळ्यात धोक्याची. सुईतून गडद रक्त आले, म्हणजे शीर सापडली असे धरून चालू नका. शॉकमधल्या, ऑक्सिजन उतरलेल्या रुग्णाचे धमनीतले रक्तही काळपटच दिसते आणि जोराने उसळत नाही. गाइडवायर (जिच्यावरून कॅथेटर सरकवतात ती तार) आत गेली की सोनोग्राफीवर ती आडव्या आणि उभ्या, दोन्ही छेदांत शिरेतच आहे हे बघा. जरा शंका असेल तर छोट्या नळीतून दाब तपासा. सुई धमनीत गेली तर काढून दाबून धरता येते. डायलेटर किंवा कॅथेटर धमनीत गेले तर ते ओढू नका. जिथे आहे तिथे राहू द्या आणि व्हॅस्क्युलर सर्जनला बोलवा. घाबरून उपसून काढले की मानेत रक्त साठते, श्वासनलिका दाबली जाते, पक्षाघातही होऊ शकतो.

तिसरी जागा डायलेटरची खोली. तो त्वचा आणि खालच्या पेशींना वाट करण्यापुरता आहे, पूर्ण आत ढकलायचा नाही.

चौथी जागा वायरची. कॅथेटर वायरवरून सरकवताना ते त्वचेशी नेऊन थांबा. वायरचे मागचे टोक कॅथेटरच्या टोकाला उघडणाऱ्या मार्गाच्या बाहेरच्या तोंडातून, बहुतेक किटमध्ये तपकिरी टोकातून, बाहेर येईपर्यंत वायर मागे घ्या, ते टोक चिमटीत पकडा आणि मगच कॅथेटर आत ढकला. आत राहिलेल्या वायरींची कहाणी बहुधा हीच असते : टोक बाहेर आलेले नव्हते, हात रिकामा होता आणि कोणीतरी त्याच क्षणी हाक मारली. म्हणून मदतनिसाने वायर बाहेर आल्याचे मोठ्याने म्हणावे आणि ती ट्रेवर डोळ्यांनी बघावी. नुसत्या सहीवर विसंबू नये.

या चारही ठिकाणी ‘बिघडले तर काय’ याचे उत्तर न अडखळता देता आले, तर दहावी लाइनही पुरते. देता आले नाही तर चाळीसही कमीच.

आमच्या आयसीयूत रुग्णाचे वजन विचारून व्हेंटिलेटर लावतात. अमेरिकेत पीए असलेला माझा भाऊ म्हणतो, उंची मोजा. कोण बरोबर? — परिचारिका, कोल्हापूर

भाऊ बरोबर. फुप्फुसांचा आकार उंचीवर ठरतो, पोटावरच्या चरबीने ती मोठी होत नाहीत. उंचीवरून धरायच्या वजनाचे सूत्र असे : स्त्रीसाठी ४५.५ आणि पुरुषासाठी ५०, त्यात सेंटिमीटरमधल्या उंचीतून १५२.४ वजा करून आलेल्या आकड्याची ०.९१ पट मिळवायची. १६० सेंमी उंचीची बाई : ७.६ गुणिले ०.९१ म्हणजे ६.९, एकूण ५२.४ किलो. किलोला ६ मिली धरले तर एका श्वासाला ३१५ मिलीच्या आसपास. तिचे काट्यावरचे वजन ८५ किलो असेल आणि तेच धरले, तर ५१० मिली जातील. आजारी फुप्फुसे याने फाटतात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत एआरडीएसच्या (फुप्फुसांना तीव्र सूज येऊन ऑक्सिजन घटलेल्या) रुग्णांना किलोला १२ऐवजी ६ मिली दिल्यावर मृत्यूचे प्रमाण ३९.८ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. फेलोशिपच्या पहिल्याच आठवड्यात हे शिकवतात.

खाटेशेजारी टेप ठेवा. रुग्ण सपाट झोपवून टाळूपासून टाचेपर्यंत मोजा. नातेवाईक सांगतात ती उंची बहुधा जास्तच असते.

प्लॅटू प्रेशर (हवा आत थांबवून मोजलेला फुप्फुसांतला दाब) ३० सेंमी पाण्याच्या खाली ठेवायचे म्हणतात. टायडल व्हॉल्यूम (एका श्वासाची हवा) कमी करूनही ते उतरत नसेल तर? — त्याच परिचारिका

सर्जिकल आयसीयूत अशा वेळी पोटाकडे बघायचे. मोठा रक्तस्राव, भरपूर सलाइन, स्वादुपिंडाचा दाह, घट्ट शिवलेले पोट, यांत पोटातला दाब वाढतो, छाती आणि पोट यांमधला पडदा वर ढकलला जातो आणि मशीनला वाटते फुप्फुसे कडक झाली. लघवीही त्याच दाबाने कमी होते. मग कोणी फुप्फुसांवर इलाज करतो, कोणी मूत्रपिंडांना पाणी चढवतो, आणि त्या पाण्याने पोट आणखी फुगते.

मापन मूत्राशयातून होते. रुग्ण पूर्ण सपाट. ट्रान्सड्यूसरचा (दाबमापकाचा) शून्य बगलेच्या मध्यरेषेवर, कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेला. कॅथेटर पुढे क्लॅम्प करून निर्जंतुक सलाइन जास्तीत जास्त २५ मिली घालायचे, जास्त घातले तर आकडा खोटा वाढतो. अर्धा ते एक मिनिट थांबायचे, म्हणजे मूत्राशयाचा स्नायू सैल होतो. वाचायचे ते श्वास सोडून संपतानाच. रुग्ण कण्हत असेल, पोट आवळत असेल तर तो आकडा लिहू नका.

१२ मिमी पारा आणि वर म्हणजे दाब वाढलेला. सतत २०च्या वर आणि जोडीला एखादा अवयव नव्याने ढासळतो आहे, म्हणजे कंपार्टमेंट सिंड्रोम. नाकातून नळी घालून पोट रिकामे करणे, गुंगी वाढवणे, पाणी आवरणे हे करून बघता येते. पण सर्जनला त्याच वेळी कळवायचे, कारण शेवटचा उपाय पोट उघडणे हाच असतो. एक गफलत नेहमीची : काही ठिकाणी सेंटिमीटर पाण्यात मोजतात. १ मिमी पारा म्हणजे १.३६ सेंमी पाणी. २० सेंमी पाणी हे जेमतेम १५ मिमी पारा होतात. फोनवर नुसते ‘वीस’ म्हणू नका, एकक सांगा.

मी पुण्यातून पीएची पदवी घेतली आहे. थेट अमेरिकेतल्या फेलोशिपला अर्ज करू का? एमबीबीएस झालेल्या मैत्रिणीला तरी चालेल का? — पुणे

दोघींनाही नाही. पान्सला बसायला एआरसी-पीएची मान्यता असलेल्या अमेरिकेतल्या कोर्सची पदवीच लागते, आणि पान्सशिवाय परवाना नाही. एमबीबीएसला त्यात सवलत नाही. मैत्रिणीचा मार्ग यूएसएमएलई (डॉक्टरांची परवाना परीक्षा) आणि रेसिडेन्सीचा. ‘भारतीय पदवीवर अमेरिकेत पीए’ असे सांगून कोणी शुल्क मागत असेल तर देऊ नका.

भारतात हा अभ्यासक्रम १९९२ मध्ये चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये हृदय शस्त्रक्रियेच्या गरजेतून सुरू झाला, आणि २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्याने या व्यवसायाला प्रथमच केंद्रीय चौकट दिली. तुम्हाला हाच विषय करायचा असेल तर ज्या रुग्णालयाचा हृदय किंवा ट्रॉमा आयसीयू मोठा आहे तिथे नोकरी धरा. एफसीसीएस हा क्रिटिकल केअरचा दोन दिवसांचा कोर्स भारतातही होतो, तो करा. आणि नोकरी स्वीकारताना एकच गोष्ट लेखी घ्या : कोणती प्रक्रिया कोणाच्या देखरेखीखाली तुम्ही करायची. ते लिहिलेले नसेल तर रात्री चूक झाल्यावर दोष तुमच्याकडे येतो.