मोटर बदलण्याआधी केबलचा रोध काढा

प्रश्न : विहिरीवर ५ अश्वशक्तीची थ्री फेज सबमर्सिबल मोटर आहे. चालू असताना मीटरपेटीत ४१० आणि २३० मीटरवरच्या स्टार्टरमध्ये ३८६ व्होल्ट मिळतात. प्रत्येक तारेत १० ॲम्पिअर करंट आहे, मोटरच्या पाटीवर मात्र ९ लिहिले आहेत. ३८६ ला १० ने भागून ३८.६ ओहम आले, पण मल्टिमीटर दोन तारांमध्ये जेमतेम ३.५ ओहम दाखवतो. वायंडिंग (मोटरमधील तारेची गुंडाळी) शॉर्ट झाले आहे, मोटर बदला, तोवर रिले (करंट ठरवलेल्या मर्यादेपेक्षा वाढल्यास मोटर बंद करणारे स्टार्टरमधील साधन) १४ वर ठेवा, असे विक्रेत्याने सांगितले. काय करावे? नवीन पंपाला अनुदान मिळेल का?

उत्तर : प्रथम रिले पाटीवरच्या ९ ॲम्पिअरवर परत आणावा, बाकीचे त्यानंतर पाहू. वायंडिंगमधील उष्णता करंटच्या वर्गाने वाढत असल्यामुळे १० ॲम्पिअरला ती ९ च्या सव्वापट, तर १४ ॲम्पिअरला जवळजवळ अडीचपट होते, आणि तेवढी होईपर्यंत आपला रिले स्वस्थ बसून राहणार आहे. नऊवर रिले वारंवार पडू लागला, म्हणजे मोटर बंद करू लागला, तर तो बिघडला असे समजून पुन्हा वर सरकवू नये, कारण पडणे हेच त्याचे काम आहे. (मोटर दोन टप्प्यांत सुरू करणाऱ्या स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले वायंडिंगच्या तारांत बसवलेला असेल, तर तो पाटीवरच्या करंटच्या ५८ टक्क्यांवर लावावा.)

आपल्या दोन ओहमच्या आकड्यांत विसंगती नाही. व्होल्टेजला करंटने भागून रोध मिळतो हा नियम हीटरसारख्या उपकरणाला सरळ लागू होतो : २३० व्होल्टला ४.३५ ॲम्पिअर घेणाऱ्या हीटरचा रोध सुमारे ५३ ओहम आणि शक्ती १००० वॅट. चालत्या मोटरमध्ये मात्र वायंडिंगच्या तांब्याखेरीज चुंबकीय क्षेत्राचा आणि फिरण्यामुळे उलट निर्माण होणाऱ्या व्होल्टेजचाही करंटला अडथळा असतो, म्हणून तेथील भागाकार वायंडिंगचा रोध सांगत नाही. मल्टिमीटरचे ३.५ ओहम तिन्ही जोड्यांत सारखे भरत असतील, तर केवळ आकडा लहान आहे म्हणून वायंडिंग शॉर्ट ठरवणे चुकीचे आहे. ही चुकीची समजूत मी कितीतरी विहिरींवर ऐकली आहे, आणि दर वेळी तिच्या शेवटी नव्या मोटरचे बिल असते. ओहम मोजताना मुख्य स्विच बंद करून फ्यूज काढलेले असावेत आणि मोटर स्टार्टरपासून सोडवलेली असावी; चालू लाइनवर ओहम कधीही मोजू नयेत.

शक्तीच्या हिशोबात नुसता ३८६ गुणिले १० केल्यास ३८६० वॅट, म्हणजे ५ अश्वशक्तीच्या (३७३० वॅट) जवळपास येतात आणि हिशोब जुळल्यासारखा वाटतो, पण तो योगायोग आहे. थ्री फेजमध्ये १.७३२ ने आणि पॉवर फॅक्टरने (व्होल्टेज आणि करंटच्या गुणाकारापैकी प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा), येथे अंदाजे ०.८ ने, गुणावे लागते. तसे केल्यास मोटर सुमारे ५३५० वॅट घेते. कार्यक्षमता ७० टक्के धरली तर शाफ्टवर साधारण ३७४५ वॅट, म्हणजे बरोबर ५ अश्वशक्ती मिळते. मोटर आपले काम पुरे करत आहे. व्होल्टेज कमी मिळाले की हीटर कमी वॅट घेऊन थंडावतो, पण मोटरवरचे पाणी उचलण्याचे काम फारसे हटत नाही, त्यामुळे ती करंट वाढवून घेते. आपले दहावे ॲम्पिअर तेथून आले आहे.

आता केबल पाहावी. वाटेत पडलेले २४ व्होल्ट १.७३२ ने, १० ॲम्पिअरने आणि ०.८ ने भागल्यास एका तारेचा रोध सुमारे १.७३ ओहम येतो. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला ७.४ ओहम असतो, म्हणजे २३० मीटरला १.७. आपली केबल त्याच जाडीची असणार. करंटचा वर्ग, रोध आणि तीन तारा यांचा गुणाकार केला तर सुमारे ५२० वॅट जमिनीखालची केबल तापवण्यात जात आहेत. तेथे सहा चौरस मिलिमीटर तांबे टाकल्यास रोध ०.७१ ओहमवर, घट १० व्होल्टवर आणि नुकसान २१३ वॅटवर येईल. खर्च करायचाच असेल तर तो येथे करावा. केबल विकत घेण्यापूर्वी सांधे उघडून पाहावेत : अर्ध्या ओहमचा एक सैल सांधा १० ॲम्पिअरला ५० वॅट उष्णता देतो, वरची टेप वितळून चिकट काळी झालेली असते आणि तांबे हिरवट पडलेले असते.

साडेसात अश्वशक्तीची मोटर बसवण्याचा सल्ला कोणी दिला तरी मुळीच ऐकू नये, कारण त्याच केबलमधून अधिक करंट जाऊन व्होल्टेज आणखी पडेल. मोठा कपॅसिटरही नको. ५ अश्वशक्तीला साधारणपणे २ केव्हीएआर (कपॅसिटरची क्षमता मोजण्याचे एकक) क्षमतेचा पुरतो आणि ज्यादा क्षमतेने मोटर सुधारत नाही. फ्यूजमध्ये जाड तार तर कोणीही सांगितली तरी घालू नये.

माझा आग्रह एका वहीचा आहे, जी स्टार्टरच्या पेटीतच ठेवावी. मोटर सुरू होऊन १५ मिनिटे झाल्यावर, शेजारचे पंपही चालू असताना, तिन्ही तारांचा करंट क्लॅम्प मीटरने (तारेभोवती अडकवून करंट मोजणारे मीटर) आणि तिन्ही जोड्यांचे व्होल्टेज मल्टिमीटरने घेऊन आठवड्याला एकदा तारखेसह लिहावे. सुरू होतानाचा करंट काही पट असतो, तो नोंदवू नये. मोटर बंद असतानाचे व्होल्टेजही नोंदवू नये, कारण करंट नसताना केबलमध्ये घट होत नाही आणि ४१० पाहून आपण निश्चिंत होतो. तीन तारांपैकी एकीचा करंट इतरांपासून दूर जाऊ लागला, तर सांधे तपासावेत.

नवीन पंपाच्या अनुदानाविषयी विचारले आहे, त्याबाबत एवढेच की मंजुरीपूर्वी केलेली खरेदी सहसा ग्राह्य धरली जात नाही.